नव्या वाडा-घराची किंमत ठरवताना: जमीन, सागवान आणि बँकेचा आकडा

पुण्यात आता चौक, पडवी, कडीपाट आणि दगडी जोतं असलेली नवी कोरी घरं विकायला येऊ लागली आहेत. असं एक दोन मजली घर आम्ही फेब्रुवारीत पाहिलं आणि ऑगस्टमध्ये खरेदीखत नोंदवलं. मधला बहुतेक वेळ एकाच प्रश्नात गेला: याची रास्त किंमत किती? फ्लॅट असता तर शेजारच्या सोसायटीचा फुटाचा दर विचारून अंदाज बांधता येतो. इथे तुलनेला घर नाही. जुने वाडे भाडेकरूंसकट विकले जातात, त्यांचा भाव वेगळ्याच हिशेबाचा असतो. नव्या बंगल्यांच्या दरात लाकूड आणि दगड नसतो. आमचा हिशेब कसा लागला, कुठे अडला, ते क्रमाने लिहिते.

बिल्डरने सांगितलेली किंमत होती 2 कोटी 35 लाख. प्लॉट 2,000 चौरस फूट, बांधकाम 2,688 चौरस फूट. त्यात जमीन फुटाला 6,000 रुपयांनी 1 कोटी 20 लाख आणि उरलेलं बांधकाम, म्हणजे फुटाला साधारण 4,300 रुपये. ही फोड मागितल्यावरच मिळाली. ती मागाच, आणि लेखी मागा. एकगठ्ठा आकड्यावर घासाघीस करून काही हाती लागत नाही. कोणता भाग फुगवलाय तेच कळत नाही.

पहिलं काम क्षेत्रफळाचं. घर बाहेरून 32 फूट बाय 42 फूट, म्हणजे मजल्याला 1,344 चौरस फूट. दोन मजले म्हणजे 2,688. आकडा जुळतो, पण मधला चौक 12 बाय 12 चा आहे आणि तो आकाशाला उघडा आहे. खालच्या मजल्यावर 144 फूट फरसबंद अंगण, वरच्या मजल्यावर 144 फूट नुसती हवा. हे 288 फूट बांधकामाच्या दराने धरले होते, म्हणजे 12 लाखांच्या वर. मंजूर नकाशावरच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात चौक वजा केलेला असतो, त्यामुळे वाद घालावा लागला नाही. नकाशाची प्रत समोर ठेवली आणि बांधकाम 2,400 फूट धरायचं ठरलं. चौकातल्या फरशीचा आणि तुळशी वृंदावनाचा खर्च वेगळा मोजला.

जाड भिंतींकडेही नीट पाहायला हवं. इथे बाहेरची भिंत 18 इंची आहे. आतून मोजलं तर 29 बाय 39, म्हणजे 1,131 फूट. हीच भिंत 9 इंची असती तर आत 1,235 फूट मिळाले असते. मजल्याला शंभरावर फूट भिंतीत जातात. रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरचा केंद्रीय कायदा. त्याच्या व्याख्येत कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, धरताना बाहेरच्या भिंती, बाल्कनी-व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळतात. आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरतात. त्यामुळे पडवी, ओसरीचा उघडा भाग आणि जाड भिंती असलेल्या घराचा कार्पेट एरिया कागदावर फार लहान दिसतो. म्हणून असं घर फ्लॅटशी कार्पेटच्या दराने ताडून पाहू नये. जाड भिंतीला गुण आहे, उन्हाळ्यात आतली हवा निवते. पण ती जागा राहायला मिळत नाही, हे किंमत देताना लक्षात हवं.

मार्चमध्ये कागद गोळा केले. नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती आणि वकिलाचा 30 वर्षांचा शोध अहवाल. भोगवटा हातात आल्याशिवाय किंमत ठरवू नका. एकतर त्याशिवाय घर कायद्याने राहण्याजोगं पूर्ण झालेलं नसतं. दुसरं, भोगवट्याआधीच्या विक्रीवर 5 टक्के जीएसटी लागतो, पूर्ण झालेल्या घरावर लागत नाही. दोन कोटींच्या घराला हा फरक मोठा पडतो. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 ने गुणून चौरस फूट काढा आणि प्लॉटवर टेप लावून स्वतः मोजा.

जुन्या पेठांमध्ये घर बघत असाल तर आणखी दोन गोष्टी. पहिली, सामाईक भिंत कोणाच्या मालकीची ते कागदावर पाहा, कारण दुरुस्तीचा खर्च आणि पुढचं बांधकाम तिथेच अडतं. दुसरी, शनिवारवाड्यासारखं केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर अंतर मोजा. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. 100 मीटरच्या आत कोणी ‘नवं’ घर विकत असेल तर परवानगी नेमकी कशाची होती, बांधकामाची की दुरुस्तीची, हे आधी विचारा.

जमिनीचा भाव आम्ही नोंदवलेल्या व्यवहारांवरून काढला. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथे गाव आणि मिळकत क्रमांक घालून सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, पाहता येते. साइट कधी चालते, कधी नुसती फिरत राहते. सकाळी लवकर बसलेलं बरं. आसपासच्या मोकळ्या प्लॉटचे आणि पाडायला घेतलेल्या जुन्या बंगल्यांचे व्यवहार काढले. पाडायच्या घराच्या व्यवहारात जवळजवळ सगळी किंमत जमिनीचीच असते, म्हणून ते फार उपयोगी. त्यात रस्त्याची रुंदी, प्लॉटची दर्शनी बाजू आणि कोपरा यांसाठी वर-खाली करावं लागतं. रस्ता अरुंद असला की एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम, कमी मिळतो आणि जमिनीचा भाव उतरतो. आमच्या हिशेबात 6,000 चा दर रास्त निघाला, त्यावर आम्ही घासाघीस केली नाही. शिल्लक एफएसआयचे जादा पैसे बिल्डरने मागितले होते. ते आम्ही मान्य केले नाहीत, कारण तो वापरायचा तर कौलारू छप्परच काढावं लागेल, आणि छप्पर काढलं की या घराचं घरपणच जातं.

रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरतक्त्याचं, मूल्य वेगळं काढलं. हे तक्ते दरवर्षी 1 एप्रिलला लागू होतात; एखाद्या वर्षी दर तेच ठेवतात, एखाद्या वर्षी वाढवतात. मार्चअखेर व्यवहार ठरत असेल तर दोन्ही बाजूंनी हिशेब करून ठेवा. स्वतंत्र घराला खुल्या जमिनीचा दर अधिक बांधकामाचा दर असं धरतात, आणि दोन्ही चौरस मीटरवर असतात. त्यात सागवान आहे की सिमेंटचा खांब, याला जागा नाही. आमचं सरकारी मूल्य करारापेक्षा बरंच खाली आलं. मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त असलेल्या आकड्यावर लागतं, म्हणून आम्हाला करारमूल्यच धरावं लागलं. उलट स्थिती असेल, म्हणजे सरकारी मूल्य करारापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वर असेल, तर फरकावर घेणाऱ्यालाही आयकर लागू शकतो. सीएला आधीच विचारा.

यानंतर मुख्य काम, बांधकामाचं. इथे स्वतंत्र मूल्यनिर्धारक घेतला. बोलण्यात सगळे ‘गव्हर्न्मेंट अप्रूव्ह्ड व्हॅल्युअर’ म्हणतात, म्हणजे आयकर विभागाकडे नोंद असलेला. बँक स्वतःच्या पॅनलचा माणूस पाठवतेच, पण तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का तेवढं बघतो. खरेदीदाराला हवा असतो तपशील. फी ठरवताना एवढंच सांगा की लाकूड घनफुटात मोजून हवं आहे आणि जोतं, गिलावा, छप्पर यांची वेगवेगळी किंमत हवी आहे. त्या अटीवर काही जण नाही म्हणतात. हो म्हणणाराच आपल्या कामाचा. यात बरेच आठवडे गेले आणि मधे घर हातचं जाईल ही धाकधूक होती. तरी थांबणं योग्यच होतं.

लाकडाची पाहणी जवळून सांगते, कारण पैसा तिथे मुरतो. खरा कडीपाट म्हणजे भिंतीत किंवा तुळईवर टेकलेल्या कड्या, त्यांच्यावर फळ्या आणि वर थर. भार कड्या घेतात. दिखाऊ कडीपाट म्हणजे आरसीसी स्लॅबच्या पोटाला बोल्टने अडकवलेल्या पट्ट्या. खालून दोन्ही सारखेच दिसतात. मुठीने ठोकून पाहा. भरीव कडीचा आवाज बद्द येतो, पोकळ पेटीचा खणखणीत. मग टोकं बघा. खरी कडी भिंतीत शिरते, खोटीच्या टोकाशी बारीक फट किंवा पॅटीचा थर असतो. वरच्या खोलीतली फरशी काढता येत नसेल तर इलेक्ट्रिकच्या पॉइंटचं झाकण काढून वर काँक्रीट आहे का बघता येतं. या घरात खरा कडीपाट फक्त ओसरीवर आणि माजघरावर निघाला, बाकी सगळीकडे स्लॅब. स्लॅब वाईट नाही. ओल आणि वाळवी यांच्या दृष्टीने कधी कधी तोच बरा. फक्त त्याचे पैसे स्लॅबचेच द्यायचे.

घनफूट काढायची रीत सोपी आहे. रुंदी आणि जाडी इंचात गुणा, 144 ने भागा, लांबीच्या फुटांनी गुणा. 4 बाय 6 ची 12 फुटी कडी म्हणजे 2 घनफूट. अशा 28 कड्या, 56 घनफूट. 8 बाय 8 चा 9 फुटी खांब 4 घनफूट. आठ खांबांचे 32. 8 बाय 10 च्या 14 फुटी चार तुळया मिळून 31. ओसरी आणि माजघर मिळून 300 फुटांवर इंची फळी, म्हणजे 25. एकूण 144 घनफूट. बिल्डरच्या यादीत 300 लिहिलं होतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून कोटेशन घेतलं, या प्रतीच्या सागवानाला घनफुटाला 4,500 रुपये मिळाले. म्हणजे 156 घनफुटांचा फरक सात लाखांचा होता, मजुरी सोडून.

सागवान सगळं एक नसतं. चंद्रपूर-बल्लारशाहकडचं सागवान आणि आफ्रिकेतून आलेलं लागवडीचं लाकूड यांच्या भावात मोठा फरक असतो. पॉलिश झाल्यावर ओळखणं कठीण, म्हणून खरेदीची बिलं मागा. कडेचा फिकट भाग किती ठेवलाय ते खांबाच्या मागच्या बाजूला आणि जिन्याखाली बघा. कीड आधी तिथे लागते. मूल्यनिर्धारकाने ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतं. घरातल्या लाकडात ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास असावा. माजघरातल्या दोन तुळयांत तो 19 आला. ओलं लाकूड वाळताना आखडतं, सांधे उघडतात, पॉलिश तडकतं. त्या दोन तुळयांच्या जबाबदारीची अट करारात घालून घेतली. रेराखाली बांधकामातल्या संरचनात्मक दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं विकसकावर असते, पण तो नियम प्रकल्पाची नोंद असेल तर. एकट्या घराच्या छोट्या प्लॉटला नोंद लागतेच असं नाही. म्हणून ते करारातच लिहून घ्यावं.

पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान वापरलं असेल तर घाबरू नका. खिळ्यांची भोकं आणि जुन्या खाचा दिसतात, पण ते लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, पुन्हा हलत नाही. त्याला कमी लेखून किंमत पाडणं चुकीचं आहे.

दगडाचं तसंच. घडीव काळ्या दगडाचं जोतं आणि भिंतीवर चिकटवलेली इंचभर जाडीची चीप यांत अनेक पटींचा फरक आहे. कोपरा बघा. घडीव चिऱ्याची एक बाजू लांब, दुसरी आखूड दिसते आणि थरागणिक अदलाबदल होते. चीप लावलेली असेल तर कोपऱ्यात पातळ कड उघडी पडते. नाण्याने ठोकल्यावर पोकळ वाजणारा तुकडा पुढे सुटणार हे धरून चाला. इथलं जोतं दर्शनी बाजूला खरं होतं, बाकी तीन बाजूंना चीप. तशीच वेगवेगळी किंमत लावली.

गिलावा चुन्याचा असल्याचं सांगितलं होतं. कोपऱ्यात पाण्याचा थेंब सोडला. चुना पाणी पिऊन गडद होतो. वरून प्लास्टिक पेंट मारला असेल तर थेंब ओघळतो. चुन्यावर प्लास्टिक पेंट म्हणजे ओल आत कोंडून पोपडे येणारच. दोन खोल्यांत तसं झालं होतं. रंग खरवडून परत चुना मारायचा खर्च वजा करून घेतला.

छप्पर आणि चौक आम्ही मुद्दाम पावसाळ्यापर्यंत लांबवले. विकणाऱ्याला ते आवडलं नाही, पण जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत उभं राहून जे दिसतं ते मार्चमध्ये कोणी दाखवू शकत नाही. चारही पाखांचं आतलं पाणी चौकात पडतं. असं 60 चौरस मीटर क्षेत्र धरलं आणि तासाला 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 3,000 लिटर पाणी तासाभरात बाहेर जायला हवं. इथे एकच जाळी होती. पानं अडकली की पाणी चढतं, आणि पडवी चौकापेक्षा फक्त चार इंच उंच होती. दुसरा पाइप टाकून मिळाल्याशिवाय पुढे जाणार नाही असं कळवलं, तो टाकला गेला. जिथे दोन पाखं मिळतात त्या पन्हळीत पत्र्याची रुंदीही बघा. गळती बहुधा तिथूनच सुरू होते. काही ठिकाणी चौकावर काच किंवा पॉलिकार्बोनेट बसवून देतात. ते नकाशात आहे का विचारा, नसेल तर ते बेकायदा बांधकाम ठरू शकतं आणि बँकेचा माणूस ते टिपतो.

आमचा हिशेब शेवटी असा बसला. जमीन 1 कोटी 20 लाख. साधं चांगलं बांधकाम 2,400 फूट, 2,200 रुपयांनी 52.80 लाख. खरं लाकूड मजुरीसह साडेदहा लाख. जोतं, चुना, कौलं, दिंडी दरवाजा आणि चौकटी मिळून 14 लाख. लाकूड-दगडासह बांधकामावर दहा टक्के बिल्डरचा नफा, 7.70 लाख. बेरीज 2 कोटी 5 लाख. हा कागद समोर ठेवून बोललो आणि त्यावरच सौदा ठरला. ‘आमचं बजेट एवढंच’ म्हणण्यापेक्षा ओळीओळीने बोललं की समोरच्यालाही उत्तर ओळीओळीने द्यावं लागतं.

जुलैत बँक. बँकेचा मूल्यनिर्धारक लेसरने मोजमाप घेऊन, फोटो काढून अर्ध्या तासात गेला. आकडा आला 1 कोटी 68 लाख: जमीन पूर्ण, बांधकाम फुटाला 2,000. लाकडी काम ‘अंतर्गत सजावट’ या रकान्यात टाकून शून्य. तो कागद पाहून खरंच धीर सुटला होता. गृहकर्ज 75 लाखांच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मूल्याच्या जास्तीत जास्त 75 टक्के कर्ज मिळतं, आणि मूल्य म्हणजे करार किंवा मूल्यांकन यांतलं कमी. 1 कोटी 68 लाखांवर कर्ज 1 कोटी 26 लाख. करारमूल्यावर ते 1 कोटी 53 लाख 75 हजार झालं असतं. पावणेअठ्ठावीस लाखांचा खड्डा.

अशा वेळी चिडण्यात अर्थ नाही, फेरमूल्यांकनाचा लेखी अर्ज करावा. आम्ही घनफुटाचा तक्ता, लाकडाची बिलं आणि खांब, तुळया, कड्या भार वाहतात असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडलं. मुद्दा एवढाच मांडला की जे काढलं तर छत खाली येईल ते सजावट नव्हे. दुसऱ्या पाहणीत बांधकामाचा दर 2,500 धरला गेला आणि मूल्य 1 कोटी 80 लाख झालं, कर्ज 1 कोटी 35 लाख. नक्षी, महिरपी आणि दिखाऊ कडीपाट यांना काहीच मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. अहवालात बाजारमूल्याखाली ‘रियलायझेबल’ आणि ‘डिस्ट्रेस’ असे आणखी दोन कमी आकडे असतात. घाईने विकावं लागलं तर काय मिळेल याचा तो अंदाज. अशा घराला गिऱ्हाईक मोजकंच असतं, तेव्हा ते आकडे मनावर घ्यावेत.

करार करताना रोख किती लागेल ते आधी मांडा. पुण्यात मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह 7 टक्के, फक्त स्त्रीच्या नावे खरेदी असेल तर 6. नवरा-बायको दोघांची नावं घातली की सवलत जाते. माझ्या एकटीच्या नावे घेतल्याने 14.35 लाखांऐवजी 12.30 लाख भरले. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण कमाल 30,000. किंमत 50 लाखांच्या वर असल्याने विकणाऱ्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या मूल्यात धरत नाही, तो खिशातूनच जातो.

नोंदणीनंतर मिळकत पत्रिकेवर आणि मिळकतकराला नाव लावायचे अर्ज दिले. मिळकत पत्रिकेचा फेरफार नोटिशीची मुदत संपल्यावरच होतो, तोवर थांबावं लागतं. विमा काढताना मात्र पुन्हा वेगळा आकडा लागतो. तिथे जमीन धरायची नाही, बाजारभावही नाही. घर पडलं तर तसंच परत बांधायला काय लागेल तेवढंच. एजंटने साध्या आरसीसीचा दर लावून 48 लाख लिहिले होते. आम्ही लाकूड, दगड आणि चुन्याचा तक्ता देऊन, राडारोडा हलवायचा खर्च धरून 80 लाखांचा विमा घेतला आणि तो तक्ता पॉलिसीला जोडून घेतला.